मधी किती येळा थांबतं?

गेल्या महिन्यात कामाचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बदललं. जुन्याची घरघर शेजारच्यांनाही पाठ झाली होती, त्यामुळे नवं घेताना एकच हट्ट धरला, आवाज नको. माहिती साठवायला आत फिरणारी डिस्क नाही, पानाच्या विड्याएवढी एसएसडीची पट्टी बोर्डावर खोचलेली, पंखा मोठा आणि संथ. सकाळी उठून वेगाची चाचणी घेतली तर वाचनाचा आकडा सेकंदाला तीन हजार चारशे मेगाबाइट. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "बरं," आणि गॅसकडे गेली. दहाच्या सुमारास आण्णा चहाचा कप घेऊन आले. खुर्चीत बसण्याआधी कॅबिनेटच्या कुशीवर तळवा टेकवायची त्यांची जुनी सवय आहे, गोठ्यात शिरल्यावर पहिल्या जनावराच्या पाठीवर हात पडतो तशी. त्या दिवशी हात टेकला आणि तिथेच राहिला. मग थोडा खाली सरकला, मग वर, मग मागच्या बाजूला. "बंद पडलंय ह्ये," ते म्हणाले. मी म्हटलं, "चालू आहे आण्णा, हे काय, स्क्रीनवर बघा ना." त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यो टीव्ही चालू हाय. ह्ये बंद हाय." हात लेंग्याला पुसला आणि चहा प्यायला बसले.

यात लागण्यासारखं खरं तर काही नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, कानाने अधू. पण हात पुसायची ती लकब दिवसभर डोळ्यांपुढून जाईना. आण्णा गिरणीत फिटर होते. आधी साच्याच्या खात्यात, म्हणजे मागांवर, उमेदवारी केली, कान तिथेच गेले. मग कायम झाले ते त्रासनात, म्हणजे रिंग खात्यात. तिथे सूत कातलं जातं, एकेका फ्रेमवर शेकड्यांनी चात्या भिंगरीसारख्या फिरत असतात. कान अधू झाल्यावर यंत्राची तब्येत कळायला दोनच वाटा राहिल्या. एक, पेचकसाचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवायचं आणि दांडा कानामागच्या हाडाला लावायचा. दुसरी, तळहात. ब्याऐंशीच्या संपानंतर ते डोंबिवलीला एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. पण हाताची सवय राहिली. घरातला फ्रिज, पाण्याचा पंप, शेजारच्या मुलाची नवी मोटारसायकल, सगळ्यांना आधी हात लावून बघायचं आणि मग बोलायचं. या हाताचा निकाल घरात सहसा खोटा ठरत नाही. म्हणून तर माझं तीन हजार चारशेचं कौतुक त्या एका वाक्याने उतरलं.

माळ्यावर एक जुनी डिस्क होती. ती आठवली.

२००९ साली मी लग्नांची व्हिडिओ एडिटिंग करायचो. दोन कॅमेरामन, भाड्याच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर, आणि डिसेंबर ते मे झोप नाही. तेव्हा शूटिंग मिनी डीव्ही टेपवर व्हायचं. तासाभराची टेप कॉम्प्युटरात उतरवायला तासच लागायचा आणि डिस्कवर तेरा जीबी खायची. म्हणजे सेकंदाला साडेतीन-पावणेचार मेगाबाइट. माझी तेव्हाची साधी डिस्क, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची, चाचणीत सेकंदाला सत्तर-ऐंशी मेगाबाइट सहज दाखवायची. कागदावरच्या हिशोबाने वीस कॅमेऱ्यांचं लग्न एका वेळी चालायला हवं होतं. प्रत्यक्षात अंतरपाट दूर होतो त्या जागी मी तीन थर लावले, की गाडी अडखळायची. एका कॅमेऱ्यात नवरीचा चेहरा, दुसऱ्यात मामा, वर अक्षतांचा एक संथ केलेला तुकडा. शुभमंगल म्हणताच चित्र गोठायचं, आवाज पुढे जायचा, आणि हार गळ्यात पडलेला दिसायचा तो वाजंत्री संपल्यावर. एका नवऱ्यामुलाचे वडील शेजारी बसून काम बघत होते. ते म्हणाले, "आमच्या लग्नात असं अडकलं नव्हतं हो कुठे." मी हसलो, पण त्या रात्री ठरवलं की डिस्क बदलायची.

कारण कळायला मला तोवर वेळ लागला होता. डिस्कच्या तबकडीवर वाचणारा हात एकच. तबकड्या दोन असोत वा चार, सगळी टोकं एकाच दांडीला, एकत्र हलणार. नवरी एका जागी लिहिलेली, मामा भलत्याच जागी, अक्षता तिसरीकडे. दांडीने आधी नवरीकडे जायचं, तिथे पोचल्यावर तबकडीचा हवा तो भाग फिरून खाली यायची वाट बघायची, चार घास वाचायचे, की लगेच मामाकडे धाव. एकाच सरळ ओळीत वाचायला सांगितलं तर डिस्क घोडा, आणि तीन ठिकाणांहून थोडंथोडं मागितलं तर तीन दारांवर एकच पोस्टमन. माझं काम सगळं दुसऱ्या जातीचं. आणि डिस्कच्या खोक्यावर कौतुक असायचं ते पहिल्या जातीच्या वेगाचं.

तेव्हा बाजारात घरगुती कॉम्प्युटरसाठी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या डिस्कचं एकच प्रसिद्ध घराणं होतं. वेस्टर्न डिजिटलची रॅप्टर. २००३ साली छत्तीस जीबीची आली, मग चौऱ्याहत्तर, मग दीडशे, आणि २००८ मध्ये तीनशे जीबीची व्हेलोसीरॅप्टर. मी तीनशेवाली घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. ग्रँट रोड स्टेशनवरून उतरून त्या रस्त्याला लागलं की दर चार पावलांना कोणीतरी "क्या चाहिए, बॉस" विचारतं, तशी गर्दी. दुकानदाराने डिस्क काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "गेमिंग?" मी म्हटलं, "लग्नं." तो एवढा हसला की शंभर रुपये कमी केले. तरीही त्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे मोजले आणि साध्या डिस्कमध्ये तेवढ्यात तिप्पट-चौपट जागा मिळाली असती हे मनात ढकलत लोकल पकडली. डोंबिवलीपर्यंत खोकं मांडीवर. गर्दीत कोणी टेकायला आलं की माझा हात आडवा.

वस्तू दिसायला मजेशीर. खरी डिस्क लॅपटॉपच्या मापाची, अडीच इंची, पण ती भल्यामोठ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली. चौकटीला उष्णता फेकायला पाती. हातात घेतली की वजन तळव्यात बसतं. लहान तबकडी मुद्दाम. दहा हजार फेऱ्यांनी मोठी तबकडी फिरवायची तर वीज जास्त, थरथर जास्त, गरमी जास्त, शिवाय दांडीला लांबवर जावं लागणार. मी तेव्हा पेन्सिल घेऊन गणित केलं होतं. अडीच इंची तबकडीचा बाहेरचा काठ दहा हजार फेऱ्यांना ताशी एकशेवीस किलोमीटरच्या आसपास पळतो. वाचणारं टोक त्याच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, न टेकता. हे वाचल्यापासून मी त्या डिस्कजवळ जरा हळूच बोलायचो.

चाचणी रात्री घेतली. आण्णा तेव्हा रोज जेवून गाळ्यावर यायचे, घरी टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. डिस्कवर काहीच न भरता, विंडोज दुसऱ्या डिस्कवर ठेवून, अँटिव्हायरस बंद करून, एचडी ट्यून नावाचं डिस्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर लावलं. आण्णांनी पहिला प्रश्न केला, "तापू दिलंस का?" मला कळेना. ते म्हणाले, सकाळच्या पाळीला फ्रेम सुरू केली की पहिल्या तासाचा वेग कोणी धरत नाही, तेल गरम होऊन बेरिंग मोकळं व्हायला लागतं. मग अर्धा तास थांबलो. पुढे वाचनात आलं की डिस्क तपासणारे खरोखरच आधी ती तापवून घेतात. तो अर्धा तास आम्ही दोघं समोरासमोर बसून डिस्कचा आवाज ऐकत, म्हणजे मी ऐकत आणि ते हात लावून, काढला. सुरू होताना बारीक शीळ चढत जाते आणि एका सुरावर थांबते. नंतर काम लागलं की आत गारा पडल्यासारखा कटकटाट.

आलेख डावीकडून सरकायला लागला. निळी रेघ एकशेवीसच्या आसपास उभी राहिली आणि मग उजवीकडे जाता जाता पायरीपायरीने उतरायला लागली. मी घाबरलो. एवढे पैसे घालून डिस्क दमली की काय. आण्णांना म्हटलं, बघा, खाली यायला लागली. ते म्हणाले, "वाचायला सुरवात कुठनं करती ह्ये? बाहीरनं का आतनं?" मी मॅन्युअल उघडलं. बाहेरून. "मग बरोबर हाय की. खळ्यावर मळणीला पात बघितली न्हाईस तू. तिवड्याजवळचा, म्हंजी मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, कडंचा बैल पळून दमतो. फेरा दोघांचाबी एकच." मला सगळं तिथे उमगलं. फेऱ्या तेवढ्याच, पण बाहेरचा वर्तुळाचा घेर मोठा, त्यात जास्त मजकूर मावतो, म्हणून एका फेरीत बाहेर जास्त वाचून होतं आणि आत कमी. आण्णांच्या पाटणकडच्या खळ्यावरून डिस्कच्या आलेखाचं स्पष्टीकरण मिळालेला बहुधा मी एकटाच असेन. नंतर मी एक युक्ती केली. डिस्कचा बाहेरचा शंभर जीबीचा भाग तेवढा कामाला ठेवला, बाकीच्यावर क्वचितच लागणाऱ्या जुन्या लग्नांच्या फायली. म्हणजे दांडीला लांब धावावं लागणार नाही. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं म्हागाचं रान घेतलंस आन् निम्मं पडीक टाकलंस." तेही खरंच होतं.

निळ्या रेघेबरोबर पडद्यावर पिवळे ठिपके पडत असतात, पावसाळ्यात शेवाळावर उमटावेत तसे विखुरलेले. प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्यातरी यादृच्छिक जागी जाऊन वाचून यायला लागलेला वेळ. शेवटी त्यांची सरासरी आली, ७.२ मिलिसेकंद. दहा हजार फेऱ्यांची तबकडी एक फेरा सहा मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो भाग कधी लगेच समोर येतो, कधी पुरा फेरा चुकतो, सरासरी तीन. उरलेले चारेक दांडीच्या धावण्याचे. माझ्या साध्या डिस्कला याच कामाला तेरा लागायचे. आनंदाने टेबल वाजवलं. आण्णांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, मिनिटाला दहा हजार फेरे आण्णा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "आमच्या चात्या दहा-बारा हजारावरच हुत्या. धाग्यावर असतंय ते. मधी किती येळा थांबतं?"

मी म्हटलं, थांबतं म्हणजे? डिस्क कुठे थांबते?

मग त्यांनी हँक मीटरची गोष्ट सांगितली. रिंग फ्रेमच्या टोकाला एक घड्याळासारखं मीटर असायचं. एक हँक म्हणजे आठशे चाळीस यार्ड सूत. पाळी संपली की त्यातला आकडा लिहून घ्यायचे. कोणी नवा साहेब आला की त्याला वाटायचं चातीचा वेग वाढवला की आकडा वाढेल. पहिल्या दिवशी वाढायचासुद्धा. पण वेग वाढला की धागा तुटायला लागतो. तुटला की बाईने किंवा पोऱ्याने धावत जाऊन सांधायचा, तोवर ती चाती रिकामी गरगरत राहते. मार्चच्या कोरड्या हवेत तर तुटी एवढ्या की सांधणारे रडकुंडीला यायचे. चाती पळतच असते, दाखवायला वेग पुरा, सूत नाही. "फिरणं येगळं आन् कातणं येगळं," आण्णा म्हणाले, आणि पान लावायला घेतलं.

मी त्यांच्यासमोरच दुसरी चाचणी लावली. चार किलोबाइटचे बारीक तुकडे, डिस्कभर कुठूनही. एका जाण्यायेण्याला सात मिलिसेकंद धरले तर सेकंदाला एकशेचाळीसच्या आसपास खेपा. प्रत्येक खेपेत चार किलोबाइट. गुणाकार करा. सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटपेक्षा जरा जास्त. तीच डिस्क, तेच दहा हजार फेरे, तोच महिन्याचा पगार. सरळ रेघेत एकशेवीस आणि धावाधाव करायला लावली तर ०.६ सुद्धा नाही. पडद्यावर तो आकडा आला तेव्हा मला खरोखर वाटलं काहीतरी बिघडलंय, दशांश चिन्ह चुकलंय. तीनदा चालवली. तोच. आण्णांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "अर्धा." ते म्हणाले, "मंग हे लिहून ठिव. त्यो एकशेवीस शेठला सांगायचा."

आणि मी तसंच केलं. पुढची तीन-चार वर्षं जो भेटेल त्याला, गाळ्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला, मेव्हण्याला, मी एकशेवीस सांगत राहिलो. अर्धा कोणालाच सांगितला नाही. खरं तर साध्या डिस्कचा आकडा याच्याही निम्मा होता, म्हणजे माझी डिस्क त्याच कामात जवळपास दुप्पट चांगली होती आणि अडखळणं खरंच कमी झालं. सांगण्यासारखं तेच होतं. पण अर्ध्याची बढाई मारता येत नाही.

या क्षेत्रातल्या फसवणुकीचे प्रकार मला पुढे एकेक कळत गेले आणि काही मी स्वतःच शिकलो. चाचणीची फाइल डिस्कच्या बफरपेक्षा, म्हणजे आतल्या छोट्या तात्पुरत्या स्मृतीपेक्षा, लहान घ्या, आकडा तबकडीचा नसून चिपचा येतो. रिकामी डिस्क तपासा, सगळं बाहेरच्या काठावरून वाचलं जातं. तीनदा चालवून सगळ्यात मोठा आकडा छापा. आताच्या पट्ट्यांचंही तेच. माझ्या नव्या पट्टीवर मी हट्टाने मोठाल्या फायली सलग लिहीत गेलो तर काही वेळाने वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला, कारण पुढचा जलद भाग भरला की मागची खरी स्मृती आपल्या चालीने लिहिते. दारातली ओसरी चकचकीत, मागे माजघर तेच. पण तिच्या बारीक खेपा मात्र मिलिसेकंदाच्याही दहाव्या हिश्श्याच्या आसपास होतात, तिथे फसवणूक नाही. तिथे फिरणारं आणि धावणारं काही नाहीच.

कधी कधी मला वाटतं या सगळ्या पळापळीत डिस्कवाल्यांनी मिळवलं तरी किती. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं पहिलं हार्ड डिस्कचं यंत्र आणलं. चोवीस इंची पन्नास तबकड्या, मिनिटाला बाराशे फेरे, आणि मावायचं काय, तर सुमारे पन्नास लाख अक्षरं. एखादी नोंद शोधून आणायला सरासरी सहाशे मिलिसेकंद. त्याच्याशेजारी माझी व्हेलोसीरॅप्टर ठेवा. जागा साठ हजार पट. आणि शोधून आणायचा वेळ? सहाशेवरून सातवर, म्हणजे शंभर पटसुद्धा नाही, आणि तेही अर्धशतकात. कोठार वाढत गेलं, दारातली रांग तेवढ्या वेगाने हलली नाही. लोखंड आणि मोटर यांना जे जमायचं तेवढंच जमतं. २०१२ साली त्या घराण्यात एक टीबीची डिस्क आली आणि दहा हजार फेऱ्यांची घरगुती ओळ तिथेच थांबली.

माझंही तसं लवकरच बदललं. टेप गेल्या, कार्डं आली, एचडी आलं. आणि एक गोष्ट मी कबूल करायची राहिली. डिस्क लावल्यावर अडखळणं कमी झालं, पण रेंडर, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची पक्की फिल्म बनवायचं काम, तसाच रात्रभर चालायचा. कारण तिथे दम लागायचा तो प्रोसेसरला. डिस्क बिचारी अर्धा वेळ रिकामी. आण्णांना ते हातानेच कळलं होतं. रेंडर चालू असताना हात टेकवून म्हणाले होते, "ह्ये गप हाय. म्हाग घेतलेलं गप, आन् त्यो स्वस्तातला पंखा बोंबलतोय." मग म्हणाले, त्रासनाने कितीही सूत काढलं तरी पुढच्या खात्याने उचललं पाहिजे, नाहीतर बॉबीनी पडून राहतात. मी तेव्हा चिडलो होतो. उधारी चालू होती, आणि चुकीच्या खात्यात पैसे घातले हे ऐकून घ्यायची ती वेळ नव्हती. दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. ते मात्र रोज जेवून येत राहिले, हात टेकवत राहिले.

तर ती डिस्क. रविवारी माळ्यावर चढून शोधली. लग्नांच्या अल्बमच्या खोक्यात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. सोबत बिलांच्या फायलीत २००९ च्या आलेखाचा छापील कागद, निळा रंग उडून जांभळट झालेला. पिवळे ठिपके पार गेलेले, पण ७.२ वाचता येत होतं. नव्या मशीनचं झाकण काढून केबल बाहेर ओढली. केबल तोकडी, म्हणून टेबलावर पोह्यांचा स्टीलचा डबा उपडा घातला आणि त्यावर डिस्क ठेवली. चालू केली. एवढ्या वर्षांनी तीच शीळ, चढत जाऊन त्याच सुरावर थांबली. मुलगी आतून ओरडली, "बाबा, मिक्सर बंद करा, माझा कॉल आहे." पंधरा मिनिटं तापू दिली. चाचणी लावली. निळी रेघ तीच, पायऱ्या त्याच. पण सरासरी वेळ ७.९ आला. पुन्हा लावली. ७.८. म्हटलं, म्हातारी झाली.

आण्णा दारात उभे होते. किती वेळ ते ठाऊक नाही. आत आले आणि आधी डिस्ककडे नाही, डब्याकडे बघितलं. "कशावर ठिवलंय? नाचतंय की ह्ये." मला काही नाचताना दिसत नव्हतं. त्यांनी बोट डब्याच्या काठाला लावलं, मग माझं बोट धरून तिथे लावलं. डबा झिणझिणत होता. दांडी प्रत्येक वेळी झेपावली की पोकळ पत्रा त्याला जबाब देत होता. "पाया कच्चा असंल तर मशीन काय करील. फ्रेमचा एक बोल्ट ढिला असला तर सगळ्या चात्या भरकटायच्या." मला एकदम ब्रेंडन ग्रेग आठवले. सन मायक्रोसिस्टिम्समधले इंजिनिअर, २००८ च्या अखेरीस त्यांनी चालू डिस्कांच्या रांगेजवळ जाऊन जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि पडद्यावर त्या क्षणी वेळेचे आकडे उसळले होते. नुसत्या आवाजाने. काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या टोकाला हादरा बसला की ते रुळावरून सरकतं, आणि मग पुढच्या फेऱ्याची वाट बघावी लागते. मी हे आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "ओरडल्यावर मानसाचंबी तसंच व्हतं," आणि खुर्ची ओढून डब्याशेजारी बसले.

मी डिस्क ठेवायला पाट आणतो म्हटलं. ते नको म्हणाले. उजवा तळवा डिस्कच्या चौकटीवर सपाट ठेवला, डाव्या हाताने डबा टेबलावर दाबून धरला. "लाव." मी लावली. कटकटाट तोच, पण डब्याची झिणझिण थांबलेली माझ्या कानालाही कळली. निळी रेघ सरकायला लागली. नखं वाढलेला, शिरा फुगलेला तो हात, अंगठ्याजवळ गिरणीतला जुना पांढरा व्रण. त्याखाली दहा हजार फेरे. मधूनमधून ते डोळे मिटत होते. सरासरीचा आकडा उतरत उतरत ७.३ वर आला. दोन चाचण्यांत एवढा फरक आपोआपही पडू शकतो, निदान तीनदा चालवल्याशिवाय काही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. आण्णांनी डोळे उघडून विचारलं, "झालं? हात काढू?"

"नको," मी म्हटलं, "अजून दोनदा लावायची आहे."